दुसऱ्या गिअरची खोड

"दुसरा टाकला का निसटून येते," जीपमधून उतरता उतरता अर्जुनराव म्हणाले. "साखरखेर्ड्यापासून दांडा हातानं दाबून धरत आणली गाडी. मिस्त्री, आजच्या आज व्हईन का? पोरगी पाहाले चाललो हिवरा आश्रमाले. लेकासाठी."

इंद्रभान मिस्त्रीचं गॅरेज मेहकरच्या स्टँडमागे होतं, आणि गॅरेजला लागूनच घर. चुलीपाशी बसलेल्या सत्यभामाबाईंना दारातून सगळं दिसायचं, ऐकूही यायचं. पोरगी पाहाले, हे शब्द कानावर पडले आणि परातीतली भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला.

त्यांची विमल बाविशीची झाली होती. नाकीडोळी नीटस, मॅट्रिक पास. तीन स्थळं आली आणि तिन्ही परत गेली. पोरगी बापासोबत गाड्या खोलते, एवढं कळलं की पाहुणे कपात अर्धा चहा तसाच ठेवून उठत. सदुसष्टच्या त्या उन्हाळ्यात चौथं स्थळ यायची आशाही त्यांनी सोडली होती.

त्यांनी दारातूनच विमलला आत येण्याची खूण केली. परक्या माणसासमोर तरी नको. पण इंद्रभानचं तिकडे लक्ष नव्हतं.

"विमल, हे तू पाह्य. माही कंबर वाकत नाई आज."

विमल पदर खोचून जीपमध्ये चढली. दांडा चारदा पुढं-मागं केला, गाडी जरा चालवून आणली, मग खाली जाऊन पाहिलं.

"बाबा, आतले दाते पार झिजले. पूर्ण गिअरबॉक्स बदला लागन. आपल्या मिलिटरीवाल्या भंगार जीपचा चांगला हाये, तो बसंन याले."

"तुले एकटीले पेलन का?"

"एक जण खालून धराले पाहिजे."

"किसन, जा बे," अर्जुनराव ओरडले. "उभा काय राह्यला पाहात?"

खाकी शर्टातला ड्रायव्हर बाह्या सारून जीपखाली शिरला. सत्यभामाबाईंना भाकरी गोड लागणार नव्हती. आता साखरखेर्ड्यापर्यंत गाजावाजा होणार, मिस्त्रीची पोरगी ड्रायव्हरसोबत गाडीखाली पडून असते!

जीपखालून आवाज येत राहिले. पान्याचा, ठोकण्याचा, मधूनच बोलण्याचा. "सोडू नको, वजन हाये." "धरलं." "जरासं उजवीकडं." एकदा विमल हसली. सत्यभामाबाईंनी भांडी जरा जास्तच जोरात वाजवली.

दुपारी अर्जुनराव आत पाटावर जेवायला बसले. त्यांना वांग्याची भाजी, वरणावर तूप, गुळाचा शिरा. ड्रायव्हरला त्यांनी बाहेर वट्ट्यावरच ताट दिलं, दोन भाकरी आणि ठेचा. तिसरी हवी का, हे विचारायला त्या पुन्हा बाहेर गेल्या नाहीत. तो मुकाट्यानं जेवला, ताट धुऊन ठेवलं आणि परत गाडीखाली गेला.

जेवता जेवता गोष्टी निघाल्या. अर्जुनराव आपल्यातलेच निघाले. पस्तीस एकर शेत, दोन विहिरींवर दोन इंजिनं, एकुलता एक मुलगा.

"पोराले कशी पोरगी पाहिजे?" इंद्रभाननं विचारलं.

"त्याले काई नाई. मलेच पाहिजे तशी भेटली पाहिजे."

हिवऱ्याची ती कोण भाग्याची पोर असेल, सत्यभामाबाईंच्या मनात आलं. तिच्या आईला आज दिवसभर किती धाकधूक असेल! त्यांनी अर्जुनरावांच्या पानात आणखी शिरा वाढला.

ऊन उतरलं तेव्हा काम झालं. विमल आणि ड्रायव्हर पुढं बसले, इंद्रभान मागं बसला, आणि जीप लोणार रस्त्याचा चढ चढून परत आली. दुसरा गिअर एकदाही निसटला नाही. इंद्रभान उतरला तो छाती फुगवूनच.

"निघा आता," तो म्हणाला. "उजेड हाये अजून. पोरीवाले वाट पाहात असतीन."

अर्जुनराव बाजेवरून हलले नाहीत.

"आता कायले जातो? पोरगी पाहून झाली."

इंद्रभान फडक्यानं हात पुसता पुसता त्यांच्याकडं वळला.

"पाटावर मान खाली घालून बसलेल्या साऱ्या पोरी सारख्याच दिसतेत, मिस्त्री. मले हिचं काम पाहाचं होतं. लय ऐकून होतो. आमच्या इंजिनांपायी दर साली पिकं वाळते, घरात एक तरी जाणतं माणूस पाहिजे. झिजलेला गिअरबॉक्स आमीच परवा बसवून घेतला. चांगला घरी कोठ्यात ठेवला हाये."

सत्यभामाबाई डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आल्या. 

"पण पोराले नाई आणलं तुमी?"

"आणलं ना, बाई. दिवसभर तुमच्या दारातच हाये."

कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांनी किसन त्यांना नमस्कार करत होता.

दोन कोरड्या भाकरी! सत्यभामाबाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मग डोळेच भरून आले, आणि ते रडूही भलतंच गोड वाटत होतं. पण घाई करून चालणार नव्हतं. मुलीच्या आईनं पहिल्या फटक्यात हुरळून जायचं नसतं. त्यांनी विमलचा दंड धरून तिला चुलीपाशी ओढत नेलं.

"ऐकलं का वं? गडबडू नको. आज आपुन काईच कबूल करून नाई राह्यलो. चार दिवस इचार कर, मग सांग."

"आई," नखातलं ग्रीस काढता काढता विमल म्हणाली, "त्यानं मले भाकरीच्या आंधीच इचारलं, गाडीखाली. म्या हाव म्हणून टाकलं."