घरजावई पान

"त्या दिवशी मी पत्ते खोटे पिसले होते," जादूगार एका दमात बोलून गेला.

धाकट्या बहिणीचं शिलाई मशीन चालूच राहिलं. बाही पुरी करून तिनं दोरा तोडला. "कुठल्या दिवशी, दादा?"

जसं काही हिला ठाऊकच नाही! आई अर्धांगानं अंथरुणाला खिळली होती आणि दोघांना जादू शिकवणाऱ्या उस्तादांचा निरोप आला होता: दौऱ्यावर दोघांतल्या एकालाच नेईन. दुसऱ्यानं आईपाशी थांबायचं. खरं तर हात धाकटीचाच जास्त सफाईदार. पण तीच म्हणाली, पत्त्यांवर ठरवू. ज्याचं पान मोठं तो जाईल. पत्तेही तिनंच आणले.

"पिसायला तू माझ्याकडे दिलेस. तळाचं पान मला दिसलं. बदामचा राजा! मग काय, मी घरजावई केला."

ती खुदकन हसली. घरजावई हा उस्तादांचा शब्द. सगळे पत्ते धावपळ करतात आणि एक पान तेवढं जागचं हलत नाही. बघणाऱ्याला वाटतं, काय सुरेख पिसले!

"हसतेस काय? तू माझ्या हातांकडे बघतसुद्धा नव्हतीस. खिडकीबाहेर बघत होतीस. एवढा विश्वास! मधलं पान ओढलंस, ती तिर्री. किलवरची. मी तळाचा राजा उचलला आणि बॅग भरायला धावलो."

"मी पत्ते गोळा करून डबीत भरले. आठवतंय मला."

"बावीस वर्षं तू आईची कूस बदलत राहिलीस आणि मी टाळ्या घेत हिंडलो. ती गेली तेव्हाही मी रंगमंचावरच होतो. दर टाळीला मन खातं गं मला. तुझं आयुष्य चोरलंय मी. शिव्या तरी दे!"

"शिव्या देऊन या बाह्या लागणार आहेत का?" तिनं चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग कपाटाकडे बोट दाखवलं. "वरच्या खणात तेच पत्ते आहेत. कुणाला हात लावू दिलेला नाही. काढ."

त्यानं डबी आणली. झाकण गंजलं होतं, नखानं उचकटावं लागलं.

"आता खरं पीस," ती म्हणाली. "आणि हवं ते पान ओढ."

त्यानं अगदी प्रामाणिकपणे पिसले. डोळे मिटून मधलं एक पान ओढलं.

बदामचा राजा.

त्यानं दुसरं ओढलं. मग तिसरं. मग सगळा गठ्ठाच इस्त्रीच्या टेबलावर उलटून पसरला.

एक किलवरची तिर्री होती, न बघताही बोटाला लागेल इतका काठ कातरलेली. बाकी एकावन्न बदामचे राजे.