लव्हेंडरची शिस्त

"लव्हेंडरला माया नको, शिस्त लागते!" निवृत्त मुख्याध्यापक घैसास सरांनी घरच्यांना बाल्कनीत उभं करून बजावलं आणि कुंडीत पाटी रोवली: 'पाणी घालू नये.' रविवारी सोसायटीचं पुष्पप्रदर्शन होतं. पहिलं बक्षीस दरवर्षी समोरच्या साठे वकिलांची जास्वंद न्यायची.

शनिवारी लव्हेंडर मुळाशी कुजलेलं निघालं. सरांनी चौकशी लावली.

"अहो, तुळशीला पाणी घालताना बाजूची कुंडी कोरडी कशी ठेवायची?" बायको म्हणाली. "तांब्याभरच घालायचे."

"मी तांदळाचं धुवण घातलं," स्वयंपाकाच्या मावशी आतून म्हणाल्या. "पोरकं दिसायचं हो!"

"या घरात शिस्त म्हणून नाही! आता त्या साठ्याला काय तोंड दाखवू?" सर कडाडले.

रोज संध्याकाळी फिरायला निघताना एक तांब्या ते स्वतःही घालत. ते चौकशीत आलं नाही.