तिसरी खानावळ

पुण्यात दोन खानावळी तुडुंब चालतात म्हटल्यावर कोद्रेशेटनी अठ्ठावन्न साली तिसरी पौडला काढली. एस.टी. थांब्यासमोरच सारजाबाईंची पडवी भाड्याने मिळाली, राहायला मागची खोलीही मिळाली. बाजारच्या दिवशी अर्धा मुळशी तालुका दारावरून गेला. मटणाचा वास घेत, "लई झ्याक" म्हणत गेला. आत मात्र एकानंही पाऊल टाकलं नाही.

शेवटी कचेरीच्या कामाला आलेल्या एका म्हाताऱ्याला शेटनी हाताला धरूनच थांबवलं. "बाबा, चव तर बघा! नाही आवडलं तर पैसे देऊ नका."

"चवीचं न्हाई वो," म्हातारा इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला. "हितं माझी भाची दिलीया. मामा हाटेलात जेवला असं तिला कळलं, तर जल्मात तोंड न्हाई बघायची माझं. हितं परत्येकाचं कोन ना कोन हायेच की!"

पुण्यात लोक जेवायला यायचे ते तिथं त्यांचं कुणी नसायचं म्हणून, हे शेटना आत्ता कुठं उमगलं. हाताला चव आहे म्हणून इतकी वर्षं मिरवलं ते फुकटच. सुस्कारा टाकून त्यांनी स्वतःपुरतं ताट वाढून घेतलं, तोच सारजाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या.

"आमच्या घरात ऱ्हाऊन हाटेलात जेवता व्हय? गाव काय म्हनंल आमाला?"



आणि खानावळीचं एकुलतं एक गिऱ्हाईक वाढलेलं ताट तसंच ठेवून सारजाबाईंच्या चुलीपुढं जाऊन बसलं.