टेकडीवर कोरलेलं नाव

गावात पहिल्यांदाच आलात का, असं सायकलरिक्षावाल्या फ्योनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तौंगनीची ओळख करून द्यायला लागला. ही नदी, तो बाजार, ती टेकडी. टेकडीवर पॅगोडा आहे म्हणून हे गाव आहे, नाहीतर इथे कुत्रंसुद्धा फिरकलं नसतं.

न्वे यिनला टेकडीशीच काम होतं. तिच्या पिशवीत कपड्यांखाली हातोडी होती.

तिचा नवरा हान तिन खाणीवर जातो म्हणून गेला, तो परतलाच नाही. ती मात्र वर्षानुवर्षं विहाराला पाण्याचे माठ देत राहिली आणि दर वेळी आपल्या नावाशेजारी त्याचं नाव घालून घेत राहिली. जोडीनं दान केलं की पुढच्या जन्मीही तीच जोडी जुळते, असं त्यांच्यात सगळेच मानतात. परवा तिच्या गावातला ट्रकवाला सांगत आला की हान तिन तौंगनीत बडी असामी झालाय. टेकडीवर त्यानं विसाव्याला मंडप बांधलाय आणि त्यावर बायकोचं नाव कोरलंय म्हणे.

म्हणजे माठ हिनं भरायचे आणि जोडी दुसरीशी जुळायची! ते नाव फोडल्याशिवाय ती परत जाणार नव्हती.

"हान तिनला ओळखतोस?" तिनं विचारलं.

"त्यांना कोण ओळखत नाही, मावशी? बायकोवर एवढा जीव असलेला माणूस नाही बघितला मी. अजून तिचं नाव निघालं की डोळे भरतात त्यांचे."

"भरू देत. आज आणखी भरतील."

फ्यो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

पायथ्याशी चपला काढून ती चढू लागली. पायऱ्या तापलेल्या होत्या. प्रत्येक पायरीवर तिनं नवऱ्याला एकेक शेलकी शिवी हासडली.

मंडपाच्या खांबावर संगमरवरी पाटी होती. तिनं हातोडी काढली. फोडण्याआधी त्या सटवीचं नाव तरी कळावं, म्हणून तिनं वर बघितलं.

न्वे यिन. खाली गावाचं नाव, तेही तिचंच.

तिनं पुन्हा पुन्हा वाचलं. हातोडी गुपचूप पिशवीत गेली. दिलेल्या शिव्यांची तिला लाज वाटली. तो आला नाही तर नाही, पण विसरला नव्हता. जोडी शाबूत होती. ती खांबाला टेकून रडू लागली.

झाडू मारणारी एक म्हातारी जवळ आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"इथं सगळ्यांनाच भरून येतं बघ. बाळंतपणात गेली म्हणे बिचारी. आता त्यांची दुसरी आहे, पोरंबाळं आहेत, पण दर पौर्णिमेला हिच्या नावानं दान करतात. रडू नकोस पोरी. माझ्याबरोबर तीनदा 'साधु' म्हण, म्हणजे पुण्य पोहोचेल तिला."