विक्रोळीतली प्रत

झेंडूची माळ काढायला गेली तर डबा इतका तापलेला, की ऋताने हात झटकन मागे घेतला. माळ दुहेरी करून पंख्याच्या जाळीवर दाबून बसवली होती. वर राधाचं दुपटं. आतून नेहमीची घरघर येत नव्हती.

डबा म्हणजे ऋताचा घरचा सर्व्हर. मुलुंडच्या त्या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारी बसलेला, पोळ्यांच्या डब्याएवढा, म्हणून ते नाव. फोटो, कागदपत्रं, गाणी, घराचं सगळं त्यात. कुठल्या कंपनीच्या भरवशावर काही ठेवायचं नाही, हा तिचा हट्ट. आणि त्यातलं सगळ्यात जपलेलं काय, तर सासूबाईंचा आवाज. कुंदाबाई तान्ह्या राधाला मांडीवर घेऊन गोष्टी सांगायच्या, अंगाई म्हणायच्या, मध्येच कुकरची शिट्टी झाली की गॅस बारीक कर गं म्हणायच्या. ऋताने ते सगळं फोनवर टिपून डब्यात भरलं होतं.

आता रोज दुपारी ती तो आवाज लावायची. राधा डब्यासमोर चटईवर आडवी व्हायची. खिडकीतून येऊरचे डोंगर धुरकट दिसायचे, पडदा फुगायचा, बसायचा, आणि त्या आवाजावर तरंगत राधा झोपेत उतरायची. तिच्या लेखी आजी म्हणजे तो डबाच. उठली की आधी त्याला पापी.

दसऱ्याच्या सकाळी ऋतानेच डब्याला हळदकुंकू लावून वर एक फूल ठेवलं होतं. सासरे, श्यामकांत, विक्रोळीच्या कारखान्यात यंत्रांवर होते. निवृत्त झाले तरी हत्यारांची पूजा त्यांच्याकडे चुकली नाही. मग ऋता आणि तिचा नवरा ओजस राधाला घेऊन घाटकोपरला सोनं द्यायला गेले. श्यामकांत घरीच थांबले. ही मंडळी परत येईपर्यंत डबा गेलेला.

"माळ मी घातली," श्यामकांत म्हणाले. ऋताने अजून काही विचारलंही नव्हतं.

यंत्राला श्वास घेऊ द्यावा लागतो, हे ऐकत आपण लहानाचे मोठे झालो, आणि आज बाबांनीच असं करावं, असं ओजस पुटपुटला. ऋताने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा तिला बघवत नव्हता.

रोजची प्रत ज्या डिस्कवर उतरायची, ती त्याच डब्यात होती. तीही गेली. पण एकाच घरातल्या प्रतीवर ऋताचा विश्वास नव्हताच. तिसरी प्रत विक्रोळीला, तिच्या धाकट्या भावाकडे. तिथे इंटरनेटवरून ती आपोआप भरत राहायची.

तिने देवेशला फोन केला. तो आधी इकडचं तिकडचं बोलला. मग कबूल झाला, की गणपतीत मखराच्या लायटिंगसाठी त्याने डिस्कचा प्लग काढला होता आणि परत लावायचा राहूनच गेला.

"ताई, ओरडू नकोस ना. काकूंचं सगळं त्याच्या आधीचंच आहे की नाही?"

होतं आधीचंच. त्यात नवं भरायला आता काही नव्हतंच.

डिस्क शनिवारी येणार होती. तोवर राधाच्या दुपारी वाईट गेल्या. ती गप्प डब्यासमोर बसायची, त्यावर थापट्या मारायची, रडून दमायची. ऋताने तीच अंगाई स्वतःच्या आवाजात म्हणून पाहिली. राधाने तिच्या तोंडावर हात ठेवला.

एकदा स्वयंपाकघरात श्यामकांत हळूच म्हणाले, "नाही आणलं परत, तर नाही का चालणार? होईल तिला सवय."

"बाबा, मनाला लावून घेऊ नका. चूक कुणाकडूनही होते. आवाज येतोय परत."

त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते त्यांनी गिळलं. मग पेजेची वाटी उचलून नेहमीसारखे आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

शनिवारी दुपारी देवेश नवा डबा आणि विक्रोळीची डिस्क घेऊन आला. माझ्यासारखा चौकीदार शोधून सापडणार नाही, म्हणाला. प्लग काढणारा चौकीदार, असं ऋताने त्याला ऐकवलं. प्रत उतरायला लागली. पडद्यावरची निळी रेघ सावकाश पुढे सरकत होती. ऊन फरशीवरून चटईपर्यंत आलं. राधा मामाच्या मांडीवर पेंगत होती. सगळं घर जणू पाण्याखाली होतं.

रेघ पूर्ण झाली. ऋताने बटण दाबलं.

"ये गं राधुल्या, ये माझ्याजवळ," डबा म्हणाला. मागे कुकर वाजला.

राधाचे डोळे खाडकन उघडले. ती मांडीवरून घसरली, धावत गेली आणि तिने डब्याला गाल लावला. देवेश उगाच खिडकीबाहेर बघू लागला. ऋताला समोरचं धूसर दिसत होतं. मिळालं, सगळं परत मिळालं.

आतल्या खोलीचं दार उघडलं. "कुंदा, नको, पुन्हा नको," श्यामकांत आतून विनवत होते. भिंतीचा आधार घेत, उजवा पाय ओढत कुंदाबाई बाहेर आल्या. अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेली होती, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. त्यांनी डाव्या हाताने डब्याची वायर खेचली. अंगाई अर्ध्या ओळीवर थांबली. मग त्या कशाबशा चटईवर बसल्या आणि तोच हात त्यांनी राधापुढे पसरला. राधा त्यांच्याकडे बघून मागे सरली, मुक्या डब्याला घट्ट बिलगली आणि "आजी, आजी" म्हणत रडायला लागली.