लांब बाह्यांचा शर्ट

बद्रीनाथच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हाच बायकोची, आवडाबाईची, किडनी त्याला जुळली होती. पण तो अडून बसला. "आधी सरिताचं लगीन. बाप आजारी, मायचं पोट फाडलेलं, असल्या घरात सोयरीक कोण करल?"

चार वर्षं मुकुंदवाडीत कुणाला पत्ता लागू न देता तो डायलिसिसला जात राहिला. मुलगी बघायला पाहुणे आले, तेव्हाही भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट घालून त्यानं हातावरची सुयांनी फुगलेली शीर झाकली.

लग्न उरकताच आवडाबाई त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पडद्यावर त्याच्या धमन्या दाखवल्या. डायलिसिसच्या वर्षांत चुना साचून त्या खडूसारख्या पांढऱ्या पडल्या होत्या, तशाच कडक.

"किडनी आजही जुळते, ताई. पण जोडायची कुठे? टाका घातला तर धमनी तडकेल. चार वर्षांपूर्वी आला असतात तर..."

"माझी किडनी तर चांगली हाय ना, सायेब?" आवडाबाई तेच तेच विचारत राहिली.

संध्याकाळी सरिताची सासू सिल्लोडहून भेटायला आली. सगळं ऐकून तिनं बद्रीनाथच्या बाहीकडं बघितलं.

मग म्हणाली, "इहीणबाई, त्या दिवशी चहा घेताना बाही सरकली, तव्हाच मला ती शीर दिसली व्हती, म्हणलं, बापाचं दुखणं काढलेली पोरगी हाय, हीच सून करायची."