अक्काचं पिंप

नर्सने पिंपात टॉर्च मारला आणि अक्काला जवळ बोलावलं. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. उजेड पडला तशा त्या तळाकडे पळाल्या.

"पाणी जिवंत आहे म्हणजे चांगलंच की," अक्का म्हणाली. "खराब पाण्यात कुणी जगतं का?"

नर्सला हसू आलं नाही. सकाळपासूनचं हे तिचं बाविसावं घर होतं. या अळ्यांचे आठवड्याभरात डास होतील, ते दिवसाढवळ्या चावतील, शेजारचा शिंपी डेंगीने चार दिवस दवाखान्यात पडलाय तो काही उगाच नाही, असं तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शिवाय सत्तरीच्या पुढे ताप फणफणतोच असं नाही. माणूस नुसतं गळून जातं आणि घरच्यांना कळेपर्यंत उशीर होतो. अक्काने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग आपल्या अंगात आता डासाच्या पोटापुरतंही रक्त उरलेलं नाही, असं सांगून तिने विषय मिटवला.

नर्स मामांकडे वळली. "मामा, तुम्हीच बघा आता. पाण्याच्या बाबतीत सगळे तुमचंच ऐकतात."

ते खरं होतं. मामांनी तीस वर्षं या भागाला पाणी सोडलं होतं. नळाचा व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते निघाले की घरोघर बादल्या वाजायच्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी त्यांना अजून पाणीवाले मामाच म्हणत. म्हणून तर नर्सने त्यांना बरोबर घेतलं होतं. आज सकाळपासून त्यांनी कुणाला चिडवून, कुणाला दटावून अकरा म्हाताऱ्यांची भांडी रिकामी करून घेतली होती. सख्ख्या बहिणीचं घर मात्र त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

पाणी ओतायचं, आतली कड ब्रशने घासायची, कारण अंडी तिथेच चिकटून बसतात, दिवसभर वाळवायचं आणि मगच भरून झाकायचं, एवढं बजावून नर्स मागच्या गल्लीत गेली. जाता जाता परत डोकावते म्हणाली.

अंगणात दोन बादल्या, तीन डबे, एक घंगाळ आणि ते पिंप. मामांनी बादल्या उपड्या केल्या, डबे ओतले, घंगाळ कलंडवलं. अक्का पायरीवर बसून बघत होती. मामा पिंपाजवळ आले तशी ती उठली आणि तिने झाकणावर हात ठेवला.

"हे राहू दे."

पाणी आता रोज येतं, दोन-दोन तास येतं, हे मामांनी समजावलं. येतंय तोवर येतंय, अक्का म्हणाली.

"नाही आलं तर मी आणून देईन."

"तेव्हाही हेच म्हणाला होतास."

चाळीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कधी आलं नव्हतं. मामांना मात्र ते कधीतरी येणार हे ठाऊक होतं. तेव्हाच्या पाणीटंचाईत, गल्लीला पाणी मिळून नववा दिवस होता, तेव्हा अक्का रिकामी घागर घेऊन मामा पाणी सोडत होते तिथे आली होती. पोरगा तापाने भाजत होता, कपाळावर पट्टी ठेवायला घरात पाणी नव्हतं. तिच्या गल्लीचा पाण्याचा वार दुसऱ्या दिवशी होता. उद्या मी स्वतः आणून देतो, असं मामा म्हणाले होते, आणि सकाळी दोन घागरी घेऊन गेलेही होते. तोवर तिने परक्याच्या दारातून तांब्याभर पाणी मागून आणलं होतं. पोरगा बरा झाला. आता तो पन्नाशीला आलाय, दर रविवारी फोन करतो. तसं बघितलं तर काहीच घडलं नव्हतं, म्हणून तर त्यावर कधी कुणी बोललं नाही.

मामांकडे उत्तर तयार होतं. इतर गल्ल्यांतही पोरं होती, त्यांनाही ताप येत होता. ते खोटंही नव्हतं. पण ते तोंडाशी आलं तसं त्यांनी गिळलं आणि ते पायरीवर टेकले.

"चावी माझ्या हातात होती," ते म्हणाले. "अर्धा फेरा दिला असता तरी तुझी घागर भरली असती. कुणाला कळलंही नसतं. मला नियमाची भीती नव्हती, अक्का. लोक मला सरळ माणूस म्हणायचे. ते जाईल याची भीती होती."

भरदुपारी एक डास येऊन अक्काच्या उघड्या हातावर बसला. मामांनी पुढे वाकून तो उडवला. ती जागा लालसर झाली होती. तिने तिकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. झाकणावरचा हात तिने बराच वेळ काढला नाही. मग झाकणच उचललं आणि बाजूला भिंतीशी लावून ठेवलं.

मामांनी पिंपाला खांदा लावला. काठोकाठ भरलेलं ते जड पिंप जागचं हललं नाही. त्यांनी दम घेतला, पाय रोवले, पुन्हा जोर केला. पाणी थोडं डुचमळलं, एवढंच.

"एकट्याने नाही व्हायचं तुझ्याच्याने," अक्का म्हणाली. "सरक तिकडे. मी खालून धरते."